कोकरू माघारी आलं

रस्त्याखालची मोरी खुली आहे की तुंबलेली, हे ओळखायची एक रीत मला इंजिनिअरिंग कॉलेजात कुणी शिकवली नाही. ती मी एका मैलकुलीकडून शिकलो. रस्त्याखालून गेलेल्या नळाच्या एका तोंडाशी कोकरू सोडायचं आणि दुसऱ्या तोंडाशी त्याची आई धरून उभं राहायचं. मेंढी ओरडली की कोकरू नळातून धावत सुटतं. पलीकडे बाहेर पडलं तर मोरी खुली. आत जाऊन माघारी आलं, तर मधे गाळ, पाचट, दगड, काहीतरी आहे.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी पोट धरून हसलो. नव्वदीच्या दशकाचा मध्य. मी नुकताच कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो होतो आणि माझ्याकडे कळंबच्या पुढून पूर्वेला, पारगावच्या अंगाला जाणारे रस्ते होते. मैलकुली म्हणजे रस्त्याचा ठरलेला तुकडा सांभाळणारा माणूस. साइडपट्टी भरणं, गटारं उपसणं, मोऱ्यांची तोंडं मोकळी ठेवणं हे त्याचं काम. या मैलकुलीला सगळे मामा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो.

"हसा सायेब, हसा," मामा म्हणाले. "पर तुमच्या टेपपरीस ह्ये लेकरू खरं बोलतंय. त्याला कुणाची भीती न्हाई."

"आणि आत साप असला म्हणजे?"

"मग सापच आदी भाईर यील. लई लाजरं असतं त्ये."

मामांचं घराणं मेंढरांचं. त्यांचे थोरले भाऊ अजून दर वर्षी दिवाळीनंतर कळप घेऊन माळशेज उतरून कोकणात जात. मामांनी तरुणपणीच ते सोडलं आणि रस्त्याचं काम धरलं. घरी पाच-सात मेंढरं तेवढी राहिली होती, मामी ती रस्त्याच्या कडेने चारायची, आणि त्यामुळे कोकरू केव्हाही हाताशी असायचं. मामांना रोजंदारीवर वीस वर्षं झाली होती. दोन्ही गुडघे गेले होते. उकिडवं बसले की उठताना फावड्याच्या दांड्याचा आधार घ्यायचे. त्या वर्षी रोजंदारीवरच्या लोकांना कायम करायची यादी निघणार होती, आणि मामा एरवी स्वतःसाठी काही मागत नसत, पण त्या यादीबद्दल मला दर आठवड्याला विचारत.

"कायम झालो म्हंजे म्हातारपणी मेंढरांमागं घाट उतराया नको, एवढंच हाय सायेब. गुडघं न्हाई ऐकायचं आता."

यादीत नाव जायला त्यांच्या रस्त्याबद्दल चांगला शेरा लागत होता. तो शेरा मी द्यायचा होता. मला त्यात काही अवघड वाटलं नाही. माझ्या हाताखाली त्यांच्याइतका नेटका मैलकुली दुसरा नव्हता. उसाच्या हंगामात कारखान्याकडे जाणाऱ्या बैलगाड्यांतून, ट्रकांतून पाचट गळत राहतं आणि वाऱ्याने सगळं मोऱ्यांच्या तोंडाशी गोळा होतं. मामा ते रोज काढायचे, पेंढ्या बांधायचे आणि मामीकडे द्यायचे.

आता सरांबद्दल, माझ्या शाळेतल्या शिक्षकांबद्दल, लिहायला हवं. हात जड होतो, पण त्याशिवाय पुढचं समजणार नाही.

माझं गाव मढच्या बाजूला, डोंगराच्या पोटात. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीपर्यंत गेलेलं नव्हतं. सातवीनंतर मी तालुक्याला शिकायला गेलो तेव्हा सरांनी मला दोन वर्षं स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. बाहेरच्या खोलीत माझी वळकटी असायची. सरांच्या पत्नी मला त्यांच्या मुलांच्या पंगतीत वाढायच्या, वेगळं ताट कधी नाही. इंजिनिअरिंगचा फॉर्म सरांनी भरला, कारण तो कसा भरतात हे माझ्या घरात कुणाला माहीत नव्हतं. पुण्याला पहिल्यांदा एसटीने मला तेच घेऊन गेले. थंडी वाजेल म्हणून स्वतःचा तपकिरी स्वेटर दिला. त्याच्या बाह्या मला लांब व्हायच्या, पण चार हिवाळे मी तोच घातला. नोकरीचा आदेश आला तेव्हा मी आधी सरांच्या पाया पडलो, मग घरी गेलो. वडिलांनाही त्यात वावगं वाटलं नाही.

सरांची एक गोष्ट आमच्या शाळेत प्रसिद्ध होती. चाचणी परीक्षेला ते पेपर वाटून वर्गाबाहेर जाऊन बसत. "मी बघणार नाही," म्हणत. "तुमचा शब्द मला पुरे आहे." आणि खरंच, त्या तासाला कुणाची मान वळत नसे. दुसऱ्या शिक्षकांच्या तासाला चिठ्ठ्या फिरवणारी मुलंही त्या तासाला वहीत डोकं घालून बसत. माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवणं म्हणजे त्याचा मान राखणं, हे मी तिथे शिकलो.

निवृत्त झाल्यावर सरांनी माझ्याच रस्त्याला लागून जमीन घेतली आणि द्राक्षबाग लावली. मला अभिमान वाटला. येता-जाता बागेपाशी मोटरसायकल थांबवायची आणि सरांशी दोन शब्द बोलायचे, ही माझी सवयच झाली.

त्या मे महिन्यात आम्ही मोऱ्या तपासायला निघालो. पावसाआधी प्रत्येक मोरी बघून कनिष्ठ अभियंत्याने लिहून द्यायचं असतं. पद्धत अशी की मोरी साफ झाली की मैलकुली तिच्या कठड्यावर चुन्याचा पट्टा ओढतो, आणि अभियंता पट्टा बघत पुढे जातो. खरं तर त्याने उतरून, वाकून आत बघायचं असतं, पण बहुतेक सगळे पट्ट्यावर भागवतात. मीही दहातल्या सात मोऱ्यांना तेच करायचो.

सरांच्या बागेपाशी मामांनी मला हात करून थांबवलं. तिथे कठड्यावर चुना नव्हता.

"हितं न्हाई मारला सायेब. वाकून बगितलं तर आत काळोख हाय. आन कोकरू माघारी आलं."

"एकदाच सोडलंत?"

"तीनदा सोडलं. तिन्ही बारी माघारी."

मोरीचं वरचं तोंड रस्त्याच्या अलीकडे होतं. खालचं तोंड सरांच्या तारेच्या कुंपणात गेलं होतं. कुंपणाला लागून सरांनी दाट शेवरी लावली होती. पूर्वी तिथून बागेच्या जागेतून एक ओघळ खाली ओढ्याकडे जायचा. आता तिथे सपाट, मऊ जमीन होती आणि वेलींच्या रांगा.

"मेंढी कुठे उभी केली होती?" मी विचारलं.

"वर साइडपट्टीवर. कुंपणात कशी नेऊ? गुरुजी म्हणलं, माझ्या रानात पाऊल ठिवायचं न्हाई."

"मग आईचा आवाज नळात गेलाच नसेल."

मामांनी कुंपणाकडे बघितलं. "तुमी म्हणाल तर मी आत जातो," ते म्हणाले. "तुमी संगं चला फकस्त."

"नको. सर आहेत ते. मी विचारून येतो."

सर बागेत होते. मला बघून त्यांचा चेहरा नेहमीसारखा फुलला. चहा आला. मी मोरीचा विषय काढला तेव्हा ते मोठ्याने हसले. "कोकरू? अरे, तू इंजिनिअर ना? खालचं तोंड मी स्वतः उभा राहून साफ करून घेतलंय. शेवरी वाढलीय म्हणून आत अंधार दिसतो, बाकी काही नाही."

"एकदा बघून घेतो सर, कागदावर लिहायचंय म्हणून..." मी उठलो.

"बस." त्यांनी मांडीवर हात ठेवून मला खाली बसवलं. आवाज चढवला नाही. "माझा शब्द तुला पुरेना का?"

ते तोंड मी बसलो होतो तिथून चाळीसेक पावलांवर होतं. मी बसलो आणि चहा संपवला. गेलो असतो तर सरांच्या वर्गात मान वळवून बघणारा पहिला मुलगा मी ठरलो असतो, असं मला वाटलं. आज हे लिहिताना वेडेपणाचं दिसतं. तेव्हा ते मला मोठेपणाचं वाटत होतं.

बाहेर येऊन मी मामांना सांगितलं, "मोरी खुली आहे. चुना मारा."

"मी न्हाई मारत," मामा म्हणाले. रागाने नाही, फावडं उचलता उचलता. "तुमी लिवा. तुमी शिकल्यालं हाय."

आणि मी लिहिलं. त्या मोरीपुढेही इतर मोऱ्यांसारखंच लिहिलं: साफ व खुली. खाली सही केली.

आमच्या पूर्वेकडच्या पट्ट्यात जून-जुलैत नुसती भुरभुर असते. माझ्या गावी डोंगरात भात लावताना माणूस पावसात दिसत नाही, आणि इथे पन्नासेक किलोमीटरवर धूळ बसेल एवढाही पाऊस पडत नाही. खरं पाणी येतं ते शेवटी, हस्तात, ढग गडगडून, तासा-दोन तासांत. त्यामुळे चार महिने त्या मोरीची परीक्षा झालीच नाही. मामांनी मधे दोनदा आठवण करून दिली. दुसऱ्यांदा मी जरा तोडून बोललो, "मामा, तुमचा त्या कोकराशिवाय कुणावर विश्वास आहे की नाही?" ते हसले नाहीत.

हस्ताचा पाऊस दुपारी आला. निरोप मिळून मी पोचेपर्यंत तीन वाजले होते. रस्त्याच्या वरच्या अंगाला सगळं तळं झालं होतं. रस्ता धरणाच्या भिंतीसारखा मधे उभा, आणि तळ्यात पाच-सहा घरांची वस्ती गुडघाभर, काही ठिकाणी मांडीभर पाण्यात. बायका कणग्यांतलं धान्य डोक्यावरून रस्त्यावर आणून टाकत होत्या. एक एसटी अडकली होती आणि कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता, "कोण हाय रं ह्या रस्त्याचा सायेब? बोलवा की त्याला!" मी त्याच्या समोरूनच गेलो.

मामा कमरेएवढ्या पाण्यात होते. मोरीच्या तोंडात लांब वासा घालून ढोसत होते. मला बघून त्यांनी वासा सोडला नाही, मान तेवढी वळवली.

"आता तरी जाऊ का आत, सायेब?"

आम्ही कुंपणाची तार तोडली. मीच तोडली. शेवरी बाजूला केली आणि खालच्या तोंडाशी गेलो. पाणी येत नव्हतं. मातीचा उतार होता, वर हरळी लावलेली. मामांनी पहारेने माती ओढली. आत सिमेंटची पोती होती, मातीने भरलेली, एकावर एक नीट रचलेली, आणि मधल्या सांध्यांत सिमेंट भरून वरून थापी फिरवलेली. घाईत कुणी टाकलेली पोती अशी नसतात. एखाद्या माणसाने शांतपणे, वेळ घेऊन, पुसून-पासून केलेलं काम होतं ते. सरांच्या वहीतली शीर्षकं अशीच असायची, पट्टीने रेघ मारलेली.

पहारेने दोन पोती निघाली तोवर वर रस्त्याची कड ढासळली. पाणी मोरीच्या शेजारून रस्ता कापून खाली आलं आणि बागेच्या तीन रांगा घेऊन गेलं. आम्ही दोघं कसेबसे बाजूला झालो. वस्तीतलं पाणी अर्ध्या तासात उतरलं. माणसं सगळी वाचली. रस्ता मात्र मधोमध तुटला होता.

चौकशी झाली. डेप्युटीसाहेबांनी, म्हणजे माझ्या वरच्या अधिकाऱ्यांनी, मला बोलावलं आणि एक कागद पुढे केला. अक्षर बघताच ओळखलं. त्या अक्षरात मी निबंध गिरवले होते. सरांनी लिहून दिलं होतं की संबंधित मैलकुली पावसाळाभर मोरीकडे फिरकला नाही, त्यामुळे पाचट साचून मोरी तुंबली, आणि पोती त्यांनी बागेच्या रक्षणासाठी पाणी आल्यावर घाईघाईने लावली.

"सिमेंटने सांधे भरले होते साहेब," मी म्हणालो. "घाईत? भर पुरात?"

"पोती वाहून गेली. दाखव कुठे आहेत?" डेप्युटीसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी माझाच मे महिन्याचा कागद काढून शेजारी ठेवला. "आणि हे बघ. मेमध्ये मोरी खुली होती, असं तूच लिहिलंस. खुली होती, तर नंतर तुंबली कुणामुळे? तोच मैलकुली ना? तुझा कागद आणि गुरुजींचा कागद जुळतात."

"माझा कागद खोटा आहे."

"असं तोंडाने म्हणू नको. लिहून दे. पण अजून तुझी नोकरी पक्की झालेली नाही, हे ध्यानात ठेवून लिही."

मी बाहेर पडलो आणि थेट सरांकडे गेलो. मनात अजून एक आशा होती की त्यांना कुणीतरी भरीला घातलं असेल. सर ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते.

"तुझीच काळजी होती मला," ते म्हणाले. "म्हणून असं लिहिलं. मोरी आधीपासून बंद होती म्हटलं असतं तर पहिला तू गेला असतास. तुझा कागद मी खरा ठरवला. कळतंय का तुला?"

"सर, पण मोरी तुम्ही बंद केली होती. मला शब्द दिला होतात."

"बागेला पाणी लागलं असतं तर तीन वर्षं वाया गेली असती."

"आणि मामा?"

"तो रोजंदारीचा माणूस. त्याला मेंढरं आहेत." मग थोडं थांबून म्हणाले, "तुझ्या आईवडिलांचा विचार कर. एवढं शिकवलं तुला."

कुणी शिकवलं, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजही नव्हती. मी त्या ओसरीवर किती वेळा जेवलो होतो, त्याची उजळणी त्या एका वाक्यात झाली. आत सरांच्या पत्नी कप विसळत होत्या. चहा होईल म्हणून थांब म्हणाल्या. मी थांबलो नाही.

इथे मी लगेच कागद लिहून दिला असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी आठ दिवस घेतले. रोज लिहायला बसायचो आणि रोज वडिलांचा चेहरा आठवायचा. गावात ते मला "सायेब" म्हणून हाक मारायचे, चेष्टेने नाही. नवव्या दिवशी लिहून दिलं: मोरी न बघता मी ती खुली असल्याचं प्रमाणित केलं, मैलकुलीने मला तीनदा सांगितलं होतं, चूक माझी. डेप्युटीसाहेबांनी वाचलं आणि चष्मा काढला.

"यादी परवा वर गेली," ते म्हणाले. "त्याचं नाव खोडलेलं आहे, रोजंदारीही बंद केलीय. आता परत मागवता येणार नाही. पुढच्या वेळी बघू."

पुढच्या वेळी यादी निघालीच नाही. मला समज मिळाली आणि बदली झाली जुन्नरच्या पश्चिमेला, मढच्या बाजूला. शिक्षा म्हणून मला माझ्याच गावाजवळ पाठवलं होतं. घरचे खूश झाले. आईने देवापुढे नारळ फोडला.

पुढे बऱ्याच वर्षांनी, दोन हजारनंतर, सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांचा सत्कार ठेवला आणि स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला. "तुमच्यावर तर सरांचे विशेष उपकार," ते म्हणाले. ते खरं होतं, आजही खरं आहे. त्या स्वेटरची ऊब खोटी नव्हती. म्हणूनच तर मला ते सगळं एकाच माणसात कुठे ठेवावं हे कळत नाही. दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर मी त्याला शिव्या देऊन मोकळा झालो असतो. मी लेख दिला नाही, सत्कारालाही गेलो नाही. ऐकलं की भाषणात सरांनी माझं नाव घेतलं आणि प्रामाणिक विद्यार्थी म्हणाले.

मामांना मी बदलीनंतर एकदाच भेटलो. रस्ता तुटला त्याच वर्षी, दिवाळीनंतर. मढच्या पुढे एका मोरीपाशी मी मोटरसायकल लावून नोंद करत होतो. कठड्यावर चुन्याचा ताजा पट्टा होता. मागून कळपाचा आवाज आला. मेंढरं रस्ताभर पसरून माळशेजकडे निघाली होती, घोड्यावर संसार बांधलेला, आणि सगळ्यात मागे एक माणूस काठी टेकत, एक पाय ओढत येत होता. त्याच्या खांद्यावर एक लहान कोकरू होतं.

मी पुढे झालो. "मामा, मी लिहून दिलं होतं," म्हणालो. "उशीर झाला."

"ऐकलं," मामा म्हणाले. थांबले नाहीत, फक्त चाल हळू केली. "गुडघं लई बोंबलत्यात. अजून घाट उतरायचाय." मग मोरीकडे मान केली. "हिचं काय लिवलं?"

"अजून नाही लिहिलं." खांद्यावरच्या कोकराकडे बघून मी नकळत म्हणालो, "सोडून बघायचं का?"

मामांनी कोकरू खांद्यावर सारखं केलं.

"कोकरू कशाला, सायेब? तुमाला डोळं हायती की. वाका."

ते पुढे गेले. मी उतारावरून खाली उतरलो, वही दगडावर ठेवली आणि नळाच्या तोंडाशी पालथा पडलो. आत ओल होती, थोडा गाळ होता, पण शेवटाला वाटीएवढा उजेड दिसत होता. डोक्यावरून मेंढरांच्या खुरांचा आवाज नळातून घुमत येत होता. तो थांबेपर्यंत मी तसाच पडून राहिलो. उठून वर आलो तेव्हा कळप वळणाआड गेला होता.